वीतभर अंतरावरचा बॉल

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर मी गोल्फचं बोलायला लागले की तू बरं बरं म्हणत भांडी घासायला घेतेस, मला नळाचा आवाज ऐकू येतो बरं का! आणि घरातून फोन करावा तर तुझे बाबा पेपरमागे तोंड लपवून कान टवकारून बसतात, पान म्हणून उलटत नाहीत. म्हणून इथे सरावाच्या मैदानावरच्या ऑफिसात बसून लिहिते आहे. दुपारची बॅच संपली. बाहेर एक बाई एकट्याच बॉल मारतायत आणि दर फटक्यानंतर जमिनीवर डोळे वटारतायत, जणू चूक जमिनीचीच. रविवारी तू आणि बाबा इतक्या वर्षांनी एकत्र खेळणार म्हणून माझं आतापासूनच कशात लक्ष नाही. अठरा होल खेळायचे म्हणजे निम्मा दिवस, आणि तेवढा वेळ तुम्ही दोघंच, मध्ये पडायला मी नाही. अर्ध्यातच दोघांपैकी कोणीतरी बॅग उचलून तरातरा निघून येईल, मग पुढची दहा वर्षं पुन्हा मीच तुमचे निरोप इकडून तिकडे नेत बसेन. हे चित्र सारखं डोळ्यांपुढे येतं, आणि मग मी कोणाला तरी उगाच ओरडते.

तुझी बॅग माळ्यावरून काढली. आतले क्लब चांगले आहेत, पण त्यांच्या मुठींचं रबर वाळून लाकूड झालं होतं. दुरुस्तीवाल्याकडून नवीन बसवून घेतलंय. कोणाची बॅग, म्हणून त्याने विचारलं. आमच्या ठमीची, म्हटलं. अजून खेळते का ती, म्हणाला. आता काय सांगणार कपाळ! सोमवारी सांगते म्हटलं. बूट तुझे तू आण, जुने तुला होणार नाहीत. आणि शनिवारी उजेड असतानाच ये म्हणजे थोडा सराव होईल. आल्या आल्या तो सगळ्यात लांब क्लब, ड्रायव्हर, उपसून जोर काढत बसू नकोस. आखूड क्लब घे, नुसते अर्धे स्विंग कर, कमरेपासून कमरेपर्यंत. बॉल कुठे जातो ते बघूच नकोस, तो क्लबला लागल्याचा आवाज ऐक. आवाज स्वच्छ यायला लागला की थांब. जास्त सराव केलास तर रविवारी हात बोलायला लागतील.

मूठ घट्ट आवळायची तुझी खोड मला माहीत आहे. चिडलीस की दात आणि मूठ एकदमच आवळतेस, तिसरीत होतीस तेव्हापासून. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात कसा धरतो, सुटू नये पण त्याने कळवळूही नये, तसा क्लब धरायचा. पहिल्या टीवर, सुरुवातीचा फटका मारताना, तर याची फारच काळजी घे. तुझे बाबा मागे उभे राहतील आणि चकार शब्द काढणार नाहीत. ते गप्प राहिले म्हणजे तुझ्यावर शेरा मारताहेत असं नाही गं, दुसरा मारत असताना बोलू नये म्हणून गप्प असतात. लग्नानंतर हे कळायला मलाही बराच काळ लागला. तू मोठा श्वास सोड, खांदे पाड आणि मधला क्लब घे. ड्रायव्हर नकोच. पहिला बॉल नुसता गवतावर सरळ पडला तरी मी जिंकले.

नवशिक्यांना शिकवते, म्हणजे घाबरलेली माणसं बघणं हाच माझा धंदा. घाबरलेल्या माणसाला निकाल आधी हवा असतो. बॉल अजून जमिनीवरच, आणि याचं डोकं वर! मग क्लब नुसता बॉलच्या टाळूला चाटून जातो आणि बॉल सरपटत दोन पावलं. तेव्हा डोकं खाली ठेव, बॉल गेल्यावर तिथलं गवत दिसेपर्यंत. मला तोंडाने सांगायला काय जातंय म्हणा. मीच सकाळपासून रविवारकडे मान वर करून बसले आहे.

सहाव्या होलपाशी ती झाडी लागेल. तिथे काय होईल याची मला सगळ्यात धास्ती आहे, म्हणून आत्ताच बोलून टाकते. त्या वर्षी संघाची निवड होती, तू एवढी छान खेळत होतीस, आणि नेमके बाबा पंच. तू बॉलजवळची वाळकी काटकी उचललीस. बॉल हलला असं बाबा म्हणाले, नाही हलला असं तू म्हणालीस. आजूबाजूला बघायला तिसरं कोणी नव्हतं. त्यांनी एक फटका दंड लावला आणि तेवढ्या एका फटक्याने तुझी जागा गेली. तुम्ही माझे बाबा नाहीच, नियमांचे बाबा आहात, असं तू झाडीबाहेर येऊन सगळ्यांसमोर बोललीस. ते पुढच्या खेळाडूकडे चालू लागले. त्यानंतर तू गाव सोडलंस, खेळ सोडलास, आणि फोनवर बाबा आले की आईला द्या, एवढंच. बॉल हलला की नाही ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मला ते जाणून घ्यायचंही नाही. पण रविवारी तिथून जाताना तुझी जीभ सुटली किंवा त्यांनी काटकीचा विषय काढला, तर मी काय करू? तू तिथे जोर लावायचा विचार करू नकोस. तुला वाटेल त्याहून एक क्लब मोठा घे, सावकाश मार आणि झाडीच्या पलीकडे जा. त्या झाडीत पुन्हा बॉल शोधायची वेळ तुमच्यावर येऊ नये, बास.

आणि वाळूच्या खड्ड्यात पडलीस तर चिडायचं नाही. बॉलला मारायला जाऊ नकोस, बॉलच्या थोडं मागे वाळूला मार, वाळू त्याला घेऊन वर येते. फक्त अर्ध्यात हात आखडू नकोस. सगळे घाबरून मध्येच थांबतात आणि मग खड्ड्यातच मुक्काम.

इकडची बातमी म्हणजे तुझं ‘येते’ आल्यापासून घरात वेड्यांचा बाजार आहे. खेळायला बोलव म्हणून मला आडून आडून सुचवलं बाबांनीच, वर मलाच म्हणतात, तिला वेळ आहे का पण, उगाच आग्रह नको. तुझा मेसेज त्यांनी माझ्या फोनवर वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग बुटांचे खिळे घासत बसले, माझ्या दात घासायच्या ब्रशने! मी बोंबलले तर म्हणाले, नवीन आणून देतो. अजून आणलेला नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. तुझे बाबा हल्ली कोणाबरोबरच खेळत नाहीत. गुडघा दुखतो म्हणून मित्रांना टाळतात. गुडघ्याला काही धाड भरलेली नाही, जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढतात. परवा मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले तर दाराशीच थबकले. त्यांनी गालिच्यावर पेला आडवा ठेवला होता आणि वीतभर अंतरावरून पटरने बॉल आत ढकलत होते. जात नव्हता गं. हात पुढे यायचा आणि ऐनवेळी मनगट झटका खायचं. परत, परत, परत. शेवटी इकडेतिकडे बघून त्यांनी बॉल हाताने उचलून पेल्यात टाकला. मी चहा घेऊन तशीच मागे फिरले. घाबरू नकोस, कंपवात वगैरे नाही. तरी मी चोरून बघतेच, दाढी करताना, सुईत दोरा ओवताना हात कसा स्थिर! जुन्या, चांगल्या खेळाडूंना असं होतं, मी पाहिलंय. लांबून ठीक मारतात, अगदी जवळून हात दगा देतो, आणि कोणी बघतंय म्हटलं की जास्तच. आणि रविवारी बघणारी तू! तुझ्यासमोर वीतभर अंतरावरून चुकले तर हा माणूस पुन्हा पटर हातात धरणार नाही, आणि तुला पुन्हा बोलावणारही नाही. का, ते कोणाला कळणार नाही. तुला वाटेल, अजून राग आहे.

म्हणून एवढंच कर. सगळे फटके मोजून खेळू असं ते म्हणतील, तेव्हा नको म्हण. सामना खेळू, एकेक होल जिंकायचा किंवा हरायचा, असं सांग. फटके मोजून खेळलं की प्रत्येक बॉल आत घालावाच लागतो, सामन्यात समोरच्याला शेवटचा पट, म्हणजे बॉल आत ढकलायचा तो फटका, न मारताच सोडून देता येतो. आणि सोडलेला पट नाकारता येत नाही, तसा नियमच आहे. त्यांच्यापुढे दुसऱ्या कोणाचंही चालणार नाही, नियमाचं चालेल. फक्त वेळ चुकवू नकोस. ते बॉलवर वाकायच्या आत बोल, पुढच्या टीकडे चालता चालता, जरा वैतागूनच, उशीर होतोय अशा सुरात. प्रेमाने बोललीस तर लगेच ओळखतील. बाबा, उचला तो, एवढंच. लहानपणी त्यांनी तुला कधी वीतभराचाही पट सोडला नाही, आत घाल म्हणायचे, आणि तू रडत रडत घालायचीस, मला सगळं आठवतं. तू मात्र सोड.

रविवार कधी उजाडतो आणि कधी संपतो असं झालेली,
तुझीच,
आई