मठ्ठ म्हणजे काय?

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. पण आज डोकं फिरलंय.

वर्तनाचं शास्त्र शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना मी तत्त्वज्ञान शिकवतो, त्यांनी एका मुलीच्या नोंदीत लिहिलं, ‘मठ्ठ आहे.’ कशावरून? “उत्तर देत नाही.” का देत नाही? “मठ्ठ आहे ना, सर!” हे शास्त्र? घाण्याच्या बैलासारखे गोल गोल फिरतायत नुसते! वर विभागप्रमुख म्हणतात, “नोंदी करायला तत्त्वज्ञान कशाला? तुमचा तास बंद करू.”

तुलाही गुरुजींनी मठ्ठ ठरवून घरी बसवलं. तुला फळाच दिसत नव्हता, हे कुणी तपासलं? माझ्या तोंडून ऐकून सगळ्या कविता पाठ होत्या तुला!

उद्याचा तास घेणारच. तुझीच गोष्ट सांगतो. चालेल ना? नवा चष्मा नीट बसला का?

तुझा, अजून धुसफुसणारा,
धाकटा