सगळ्यांच्या पुढे

अहो, सप्रेम नमस्कार.

मी सुखरूप आहे. काल वाटाड्याने आम्हाला जंगलातून धबधब्यापर्यंत नेलं, दोर धरून नदीही ओलांडायला लावली. पाणी कमरेइतकंच होतं, ओढ जरा जास्त होती एवढंच.

निघताना त्याने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. माझा झपाटा पाहूनच असेल, असं वाटून मी खूश झाले. परतल्यावर विचारलं, तर म्हणाला, "बाई, सर्वांत हळू चालणारा पुढे असला की कोणी मागे राहत नाही."

धबधब्यापेक्षा तेच डोक्यात राहिलं. तुमच्या अंगावरून वारं गेल्यापासून मी पुढून "पाय उचला" म्हणून ओरडत राहिले आणि तुम्ही फिरायला जाणंच सोडलंत.

गोळ्या वेळेवर घेता ना? मी आले की फिरायला जाऊ. पुढे तुम्ही चालायचं. यावर वाद नको.

तुमचीच