सासऱ्यांनी बसवलेल्या फळ्या

३ तारीख, रविवार
हिचे वडील सतरा तारखेला राहायला येणार. वय एक्क्याऐंशी, जन्मभर सुतारकाम. आमच्या बैठकीच्या खोलीतली लाकडी जमीन त्यांनीच एकेक फळीला रंधा मारून बसवून दिलेली. गेली सहा वर्षं मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून जमीन उत्तम होती. आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. देवाने दृष्टी दिली, आनंदच आहे. जरा घाईने दिली, एवढंच.
ही म्हणाली, केर काढून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मी करते. म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, मी करीन. संकल्प : रोज पहाटे चार फळ्या, नाम घेत.

४ तारीख, पहाटे ५
जमिनीवर बसलो. नाम घेतलं. डोळा लागला.

८ तारीख
फळ्या शून्य. पण मनाची तयारी झाली. तीच खरी अवघड असते.

१० तारीख, रविवार
ही बहिणीकडे गेली. पिळलेलं फडकं म्हणजे तोंडदेखलं काम. गावच्या शाळेत दर शनिवारी आम्ही बादल्या ओतून वर्ग धूत असू. तीन बादल्या ओतल्या. वर्गाच्या भिंतीला पाणी जायला भोक होतं. इथे नाही, हे नंतर ध्यानात आलं. तरी पाणी कुठेतरी गेलं. त्याची लीला.

१२ तारीख
फळ्यांच्या कडा वर उचलल्यात. ही म्हणाली, हे काय? म्हटलं, हवा दमट आहे. म्हणाली, हवा बादलीतून आली का? बादली तिथेच राहिली होती.

१४ तारीख
लाकूड तेल पितं असं ऐकून होतो. खायचं तेल चोळलं. आमच्या लाकडाला तहान नव्हती. शेजाऱ्यांचं मांजर दारातून खिडकीपर्यंत पाय न हलवता गेलं. लेक म्हणाली, बाबा, आता फोडणी तेवढी राहिली. दमलो आहे.

१६ तारीख, शनिवार
फर्निचरवाल्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, विचारलं, हे बसवणारा माणूस हयात आहे का? म्हटलं, उद्या येताहेत. म्हणाला, मग मी हात लावत नाही.
तेल पुसून गालिचा अंथरला. ही म्हणाली, बाबांना खरं सांगून टाका. म्हटलं, या वयात त्यांना धक्का देणं पाप आहे. रात्री प्रार्थना केली. मोतीबिंदू परत दे असं मागितलं नाही. चष्मा विसरू दे, एवढंच.

१७ तारीख, रविवार
आले. चष्मा होता. चपला काढल्या, गालिच्यावर दोन पावलं टाकली आणि थांबले. खाली पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्याने दाबून बघितलं, म्हणाले, जावईबापू, किती बादल्या?
तीन, मी म्हणालो.
मग कबूल केलं, तुम्हाला आता दिसतं म्हणून एवढा खटाटोप. म्हणाले, दिसत नव्हतं तेव्हा पाय होतेच की. सहा वर्षं तळव्यांना रेती टोचायची. बोललो नाही. तुम्ही देवमाणूस, मनाला लावून घेता.
गालिचा त्यांनी स्वतः गुंडाळला, एका फळीवरून हात फिरवला. मला वर बघवेना. विचारलं, सरळ होतील का? म्हणाले, होतील बहुतेक. पाच-सहा महिने नुसतं वाळू द्यायचं.
तोवर मी काय करू?
म्हणाले, काही करू नका. ते तुम्हाला जमतं.