जुने आवाज कायमचे हटवा

४ तारीख, सोमवार

आले एकदाची! ट्रंक वर चढवताना जिन्याच्या कठड्याचा रंग जरा खरवडला गेला. तेवढं एक मनाला खातंय. उद्या स्टुडिओच्या मॅडमना सांगून टाकेन.

खोली स्टुडिओच्या मागच्याच अंगाला आहे. एक पलंग, एक टेबल आणि उन्हाची खिडकी. समोर छापखान्याचं छप्पर दिसतं, त्यावर कुणीतरी एक खुर्ची ठेवून दिली आहे. बसायला कोण जातं देव जाणे.

काम माझ्या मनासारखं आहे. फोन लावल्यावर ‘कृपया थांबा’ म्हणणारे, लिफ्टमध्ये मजला सांगणारे आवाज असतात ना, ते इथे तयार होतात. ध्वनिमुद्रणाची खोली छोटी, भिंतींना जाड गाद्या, मध्ये काच. काचेच्या बाहेर ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ बसतात. ते स्वतःला कानसेन म्हणवतात. म्हणे, तानसेन पैशाला पासरी मिळतात, कान मात्र एकट्या माझ्याकडे आहेत.

पहिलं वाक्य वाचण्याआधी माझ्या हातून टेबलावर टकटक झालं. जुनी सवय. मला आणि धाकटीला सुरुवातीला बाबांनी घरीच शिकवलं, शाळा नंतर आली. मोठ्याने बोलायचं किंवा वाचायचं असेल तर आधी बोटाने टेबल वाजवायचं, म्हणजे ऐकणारा सावध होतो, असा त्यांचा दंडक. कानसेन काचेपलीकडून म्हणाले, अरे दार उघडा कुणीतरी, पोस्टमन आलाय. मग म्हणाले, आता रोज ही टकटक कापत बसणं माझ्या कपाळी आलं.

संध्याकाळी धाकटीला फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली. सुट्टी लागली की माझ्याकडे येणार आहे. तिला मुद्रणाची खोली बघायची आहे.

५ तारीख, मंगळवार

रंगाचं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, कठडा माझ्याहून म्हातारा आहे, सोड.

दुपारी एक काकू आल्या. माझ्याआधी इथे आवाज देणारी मुलगी यांची. काही महिन्यांपूर्वी ती गेली. आजार कळलाच नाही. आधी तिचा आवाज बसला, मग पार गेला. डॉक्टरांना घशात काही सापडेना. शेवटी शेवटी ती नुसती बघायची, ओठ हलवायची.

काकूंचं म्हणणं एवढंच की तिचा आवाज आता पुसा. त्या दवाखान्यात फोन लावतात तर तीच बोलते, कृपया थांबा. मरताना पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि फोनवर खणखणीत. थांब म्हणते तर मी थांबते गं, त्या म्हणाल्या, तासन् तास थांबते. पुढे कुणी येतच नाही.

मॅडमनी डोळे पुसले आणि काम माझ्यावर सोपवलं. तिची सगळी मुद्रणं ‘जुने आवाज’ नावाच्या एका सामायिक फोल्डरमध्ये आहेत, फोनवाल्या यंत्रणा तिथूनच आवाज उचलतात. मी काकूंचा हात धरून शब्द दिला.

७ तारीख, गुरुवार

काल फोल्डर हटवला, संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आज सकाळी संगणक उघडते तर तो जागच्या जागी, शेजारी हिरवी खूण. परत हटवला. चहा घेऊन येईपर्यंत परत आला.

कानसेन म्हणाले, अगं, सामायिक फोल्डर म्हणजे सामायिक विहीर. तू आपला पोहरा काढून नेलास म्हणून विहीर बुजते का? बाकीच्यांकडे प्रत असतेच. बंद पडलेला एखादा संगणक चालू झाला की त्याच्याकडची प्रत पुन्हा सगळीकडे चढते. कायमचा हटवायचा तर मालकाने हटवावा लागतो.

मालक कोण ते पाहिलं. मॅडम नाहीत. गेलेली मुलगीच मालक आहे.

८ तारीख, शुक्रवार

फोल्डरच्या सदस्यांमध्ये मॅडम, कानसेन, मी आणि ती. आपल्याकडच्या प्रती परत चढू नयेत म्हणून मॅडम आणि कानसेन त्यातून बाहेर पडले. मी राहिले, कुणीतरी बघायला हवं.

तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे. म्हणजे ती जोडलेली आहे. काकूंना फोन करून विचारलं, तिचा संगणक कुणी वापरतं का? त्या म्हणाल्या, तो तिच्यासोबतच चितेवर दिला. तिचा जीव होता त्यावर.

कानसेन म्हणाले की ठिपका खोटा असेल, यंत्र आहे, चुकतं. पण नेहमीसारखा विनोद काही केला नाही.

११ तारीख, सोमवार

रविवारभर विचार केला. फोल्डरवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं: मालकीसाठी आधीच्या मालकाकडे विनंती पाठवावी, उत्तर आलं नाही तर काही काळाने आम्ही बघू. कानसेन म्हणाले, विनंतीबिनंती सोड, मॅडमकडून कंपनीला एक खरमरीत पत्र जाऊ दे. गेलेल्या माणसाला कसली विनंती पाठवतेस?

पण दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, हे बाबांनी अक्षरांच्याही आधी शिकवलं. वस्तूचा मालक नसला तरी विचारायचं, म्हणायचे, आपल्या तोंडाला वळण राहतं. म्हणून रीतसर लिहिलं. ताई, तुमच्या आईच्या इच्छेनुसार हा फोल्डर कायमचा हटवायचा आहे. कृपया मालकी माझ्याकडे द्यावी. लिहिण्याआधी टेबलावर टकटकही केलं. हसू आलं स्वतःचंच.

पत्र पाठवून कप विसळायला उठले. परत आले तर उत्तर तयार होतं. विनंती मान्य.

१२ तारीख, मंगळवार

झोप नीट लागली नाही. पण काम काकूंचं आहे, भिऊन कसं चालेल.

हटवण्याआधी एकेक फाइल ऐकून खात्री केली. सगळीकडे ती. गोड, थोडा खालचा आवाज. कृपया थांबा. आपण रांगेत आहात. शेवटी एक फाइल नवी होती, कालच्या तारखेची. त्यात आधी टकटक. मग तिचाच आवाज: ताई, तुमच्या आईच्या इच्छेनुसार...

मी ते फक्त लिहिलं होतं. बोलले नव्हते.

तरीही ‘कायमचा हटवा’ दाबलं. यंत्राने विचारलं, मालकाच्या सर्व ठिकाणांहून जाईल, नक्की का? हो म्हटलं. फोल्डर गेला. टोपली रिकामी. दिवसभर बघत राहिले, आला नाही. तेव्हा मालक मीच होते, हे मात्र आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१३ तारीख, बुधवार

घसा बसलाय. मॅडमनी आज मुद्रण नको म्हटलं.

काकूंचा फोन आला, रडत होत्या, पण सुखाने. पोरगी सुटली म्हणाल्या. दवाखान्याला लावून पाहिला, आता तुझा आवाज येतो गं. छान बोलतेस.

मी त्या दवाखान्यासाठी काहीच वाचलेलं नाही.

१४ तारीख, गुरुवार

आवाज नाही. कुजबुजही नाही. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, बोला की.

धाकटीचा निरोप आला: ताई, काल किती छान गप्पा मारल्यास, कधीची एवढी बोलली नव्हतीस.

काल मी तिला फोन केलेला नाही.

स्टुडिओच्या संगणकावर फोल्डर परत आलाय. नाव तेच. आत सगळ्या फाइली माझ्या आवाजातल्या. मालकही मीच, नावापुढे हिरवा ठिपका. खाली एक ओळ — धाकटी, आमंत्रण पाठवले. स्वीकाराची वाट पाहत आहे.

१५ तारीख, शुक्रवार

तिला लिहिलं, येऊ नकोस, कशालाही हो म्हणू नकोस. तिचं उत्तर — तू आत्ताच फोनवर सांगितलंस ना, तुझा फोन हरवलाय, तुझ्या नावाने कुणी काहीबाही लिहील, विश्वास ठेवू नकोस म्हणून! काळजी करू नको ताई, सुट्टी लागलीये, उद्या येते. तू म्हणतेस ते हो-बी सगळं तिथे आल्यावरच म्हणीन, तुला विचारून.

मला विचारून. आमच्या घरचंच वळण.

कानसेननी माझ्या संगणकावरून फोल्डर हटवून पाहिला. आज दुपारपासून खोकतायत. मॅडमनी त्यांना घरी पाठवलं. तूही जा म्हणून त्या हात जोडतायत, पण धाकटी इथेच येणार — मी कुठे जाऊ —

१६ तारीख, शनिवार

स्टेशनवर उभी होते सकाळपासून. ती आली नाही. आवाजाने तिला दुसऱ्या वाटेने आणलं असणार —

धावत आले. जिन्यात तिची पिशवी —

ती मुद्रणाच्या खोलीत आहे. पाठ माझ्याकडे. कानाला हेडफोन. कुणाशी तरी हसून बोलतेय, मान हलवतेय, हो ताई, हो ताई म्हणावं तशी. आतून कडी लावलीय. तिला तसं सांगितलं असेल, मुद्रणात अडथळा नको —

काच बडवली. पलीकडे काही जात नाही. खोली तशीच बांधलीय —

मेन स्विच पाडला. सगळं अंधारलं. मुद्रणाचा लाल दिवा आणि तिच्यासमोरचा पडदा तेवढे जळतायत.

त्या पडद्यावर — धाकटी, स्वीकाराची वाट — आवाजाने मान्य करा —

वहीचं पान फाडून काचेला लावतेय. मोठ्या अक्षरात. वळली की दिसेल. वळली की —

धाकटे मी इथे आहे. मागे. मागे बघ. ती मी नाही

तिने हेडफोन नीट केला. पाठ ताठ केली, बाबांसमोर बसायची तशी. बोट उचललं. टेबलावर

टकटक केलं. म्हणजे ती आता बोल

धाकटे हो म्हणू न