सहा दरवाजे, एक लाइन

३ फेब्रु.
सुलै भागातल्या आमच्या कोल्ड स्टोरेजला सहा दरवाजे. प्रत्येकावर स्कॅनर, आणि सगळ्यांच्या नोंदी माझ्या प्रोग्राममधून एकाच कनेक्शनवर जेद्दाच्या सर्व्हरला. आज खर्जच्या डेअरीहून आलेल्या चीजची नोंद अर्धी, तिच्या पोटात चार नंबरच्या दरवाजाचं दही, मग उरलेलं चीज. सर्व्हरने दोन्ही नोंदी फेकल्या. मी म्हटलं, नेट खराब. सलीमचाचा, आमचे मॅनेजर, रत्नागिरीचे, वीस वर्षं इथे. म्हणाले, "नेटला कशाला बोल लावतोस? दोघं एकाच वेळी लिहितायत." तणतणत बाहेर गेलो. बरोबर होतं त्यांचं.

५ फेब्रु.
लॉक घातला. एकाची नोंद पूर्ण जाईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. शिवाय सर्व्हरची पोच येईपर्यंत लॉक सोडायचाच नाही, म्हणजे पक्कं. चाचा म्हणाले, "आणि पोच आलीच नाही तर?"
"चाचा, कोड मी लिहिलाय की तुम्ही?"
दिवसभरात एकही नोंद तुटली नाही.
रजा मंजूर. १८ चं विमान. २० ला नाझियाला बघायला चिपळूणचे लोक येणार. त्याआधी तिच्या अब्बांसमोर उभं राहायचंय. सरांशी भांडून मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेच ते धरून बसलेत. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणू देत.

९ फेब्रु., शुक्रवार
नाझियाचा फोन. दोघंही एकदमच बोलायला लागलो. "आधी माझं ऐक ना, आरिफ." मी कुठला ऐकतोय. चिपळूणवाला, त्याची गाडी, तिचे अब्बा, सगळं काढलं. ती थांबली, मी चालूच. शेवटी एवढंच म्हणाली, "झालं तुझं?" आणि ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

१४ फेब्रु.
जेद्दाहून एका नोंदीची पोच आली नाही. प्रोग्राम लॉक धरून वाट बघत बसला. सहाही दरवाजे ठप्प. दुधाचे ट्रक उन्हात रांगेत. कारण सापडायला मला तीन तास लागले. मुदीर, म्हणजे चाचांच्याही वरचा साहेब, ओरडलाही नाही. अरबीत दोन वाक्यं. चाचांनी खाली बघत सांगितलं, "पंधरा दिवस नीट चालू दे, मग रजा. तुझा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा थांबवलाय."
"तुम्ही काही बोलला नाहीत?"
"पाच तारखेलाच बोललो होतो, बाबा. तुला."

१७ फेब्रु.
सगळं नव्याने लिहिलं. दरवाजे आपापली नोंद रांगेत टाकतात नि मोकळे होतात. कनेक्शनवर लिहिणारा एकच. एक नोंद पुरी करूनच दुसरी उचलतो. पोच वाचणारा वेगळा. चाचा सुलेमानी चहा घेऊन शेजारी बसले. "लॉक वाईट नव्हता रे. तू फार वेळ धरून बसलास." मला रडू फुटलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

१८ फेब्रु.
विमान गेलं असेल.

२० फेब्रु.
इथे चार, तिकडे साडेसहा. आले असतील ते लोक.
सहाही दरवाजे व्यवस्थित. तिला भलामोठा मेसेज लिहिला. पुसला. दुसरा लिहिला, त्यात परत अब्बा. तोही पुसला. शेवटी पाठवलं, "त्या दिवशी तू काय सांगत होतीस?" पुढे काहीच नाही.
दोन टिक. निळ्या झाल्या.
तिच्या नावाखाली 'टायपिंग' दिसलं. थांबलं. परत दिसलं. बोट सारखं की-बोर्डवर जातंय.
मी काही लिहीत नाहीये.