एक्केचाळिसाव्या मिनिटाचा खोकला

अमरावती,
१४ मार्च

चि. प्रणालीस, गोवर्धन मावसाजींचे भरपूर आशीर्वाद.

तुझी तब्येत, जावईबापूंची तब्येत आणि तिकडची थंडी कशी आहे ते कळव. आमचं म्हणशील तर तुझ्या मावशीचे गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत आहे, आणि गुडघेही फक्त जिना चढताना दुखतात, व आमच्या घरी जिना नाही. पत्रास कारण काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण नसताना कोणी चार पानं लिहितं का, असं तुला वाटेल. पण मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस आहे, मला वेळ आहे. (हातानं लिहून पानांचे फोटो पाठवतो आहे. टाइप केलं असतं, पण फोन तुझ्या मावशीच्या हातात जातो, आणि तिला छापील अक्षर वाचता येतं, माझं येत नाही.)

दुसरी गोष्ट, मी तुझ्या बाबांवर जळत नाही. अकोल्याचे देवरावजी माझे थोरले साडू, वयानं मोठे, मानानं मोठे, आणि आमच्या सासऱ्यांनी त्यांना लग्नात अंगठी दिली व मला घड्याळ, जे तिसऱ्या महिन्यात बंद पडलं, त्याबद्दल मी एकोणचाळीस वर्षांत अवाक्षर काढलेलं नाही. पण गेल्या पोळ्याच्या सुमारास तू त्यांना ती सीडी पाठवलीस आणि माझ्या संयमाची परीक्षा सुरू झाली, एवढं मात्र मोकळेपणानं लिहितो.

तुझी आई असताना, तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, तू दोघांना तिकडे जर्मनीत नेलंस आणि त्या मोठ्या हॉलमध्ये गाणं ऐकवलंस. ऐंशी माणसांचा कोरस, साठ वाजवणारे, चार एकेकटे गाणारे, आणि सगळे मिळून मेलेल्या माणसांसाठी लॅटिनमध्ये सव्वा तास प्रार्थना म्हणतात. (समोर काठी घेऊन उभा राहिलेला गृहस्थ स्वतः एक सूर काढत नाही आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच मिळतात. हे मला लगेच पटलं, आमच्या डेपोतही तसंच होतं.) ती मैफल त्याच दिवशी रेकॉर्ड झाली. त्या रेकॉर्डमध्ये एक्केचाळिसाव्या मिनिटाला गाणारी बाई आपला बारीक सूर हळूच सोडून देते, कोरस अजून उठायचा असतो, आणि त्या मधल्या शांततेत कोणीतरी खोकतं. तो खोकला अकोल्याचा आहे. ही गोष्ट जगात फक्त अकोल्याला माहीत आहे, पण अकोल्याला जरा जास्तच माहीत आहे.

तुझ्या बाबांनी लगोलग कमरेएवढे स्पीकर घेतले आणि दर रविवारी सकाळी बैठक सुरू केली. मी पासवर एसटीनं जातो, मूर्तिजापूरला आलूबोंडा खातो आणि पोचतो तेव्हा आधीच दहा-बारा माणसं सतरंजीवर मांडी घालून बसलेली असतात. शेजारचे नत्थुजी येतात, ज्यांनी उभ्या आयुष्यात भजनाशिवाय काही ऐकलेलं नाही. अकोटहून एक जिनिंगवाले येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत झोपतात. एक्केचाळिसावं मिनिट जवळ आलं की तुझे बाबा डोळे मिटतात, एक बोट वर करतात आणि म्हणतात, "आता आयका." मग तो खोकला. मग सगळे "वा", जिनिंगवाल्यांना कोणीतरी हलवून उठवतं, तेही "वा". त्यानंतर तुझे बाबा दर वेळी तेच सांगतात: "समदे मांगं वळून पाहून राह्यले. मंग म्या रुमाल काढला अन् तोंडावर धरला." लोक हसतात, चहा येतो. उरलेली प्रार्थना कोणी ऐकत नाही, मेलेल्यांचं पुढे काय होतं ते अकोल्यात अजून कोणाला ठाऊक नाही.

आता मी काय म्हणतो ते न्यायानं बघ. बत्तीस वर्षं मी अमरावतीच्या स्टँडवर माईकसमोर बसलो. अकोट, हिवरखेड, तेल्हाऱ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागली आहे, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. माझ्या आवाजावर लोक धावले, माझ्या आवाजावर लोकांनी हातातला चहा सोडला. त्या बत्तीस वर्षांतला एक शब्द कुठे उरलेला नाही. आता तिथे यंत्रातली एक बाई बोलते, तिला हिवरखेडही नीट म्हणता येत नाही. आणि तुझे बाबा शेतकी खात्यात आयुष्यभर मान खाली घालून फायली चाळत बसले, परदेशी जाऊन एकदा खोकले, तर ते अजरामर.

दिवाळीनंतर त्यांच्या कॉलनीतल्या मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मागे फलक: 'अकोल्याचा आवाज सातासमुद्रापार'. निवेदनाला घरचाच माणूस हवा म्हणून मला बोलावलं, कारण माझा आवाज चांगला आहे. म्हणजे चांगल्या आवाजाच्या माणसानं माईकसमोर उभं राहून लोकांना सांगायचं की आता आपण देवरावजींचा खोकला ऐकू या. मी सांगितलं. फार छान सांगितलं, असं सगळे म्हणाले. त्या दिवशी परतताना मी मूर्तिजापूरला आलूबोंडा खाल्ला नाही.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी ती सीडी माझ्या हातून पडली आणि तिच्यावरून खुर्ची सरकली. (चुकून. खुर्चीवर मी बसलेलो होतो हे खरं, पण चुकून.) तुझ्या बाबांनी फक्त तुकडे गोळा केले आणि ते कपाटात ठेवले. तुटलेली सीडी कोण कपाटात ठेवतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या रविवारपासून ते फोनवर इंटरनेटवरून तीच रेकॉर्ड लावू लागले आणि बोट पुन्हा वर जाऊ लागलं.

मग मीही प्रयत्न केला. डिसेंबरात इथल्या एका चर्चच्या गायकवृंदाचं रेकॉर्डिंग होतं, साठेक मुलं-मुली, दोन व्हायोलिन आणि एक पेटी. ओळख काढून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. आदल्या दिवशी मुद्दाम दही खाल्लं होतं. एक शांत जागा आली, मी तोंड उघडलं, आणि घशातून काहीच निघेना. पुढे कोरस टिपेला पोचला तेव्हा असा खोकला आला की डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या साठ पोरांच्या आवाजाखाली तो पार बुडाला. स्टँडवरच्या गर्दीवर आवाज चढवणारा मी, आणि तिथे ऐकूही आलो नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर तिथल्या बाईंनी मला खडीसाखर दिली.

मात्र या खटाटोपात माझा कान तयार झाला. दर रविवारी ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की तो खोकला तुझ्या बाबांचा नाहीच. तुझे बाबा खोकतात तेव्हा ट्रॅक्टर चालू होतो की काय असं वाटतं. रेकॉर्डमधला खोकला बारीक आहे, दोन तुकड्यांचा, आणि तिसरा येता येता गिळलेला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी ठरवलं की हा कोणातरी जर्मन माणसाचा खोकला आहे आणि तुझे बाबा शाल पांघरून फुकटची मिरवणूक काढून राहिले आहेत. (बघ, रागात माझ्याही लेखणीतून वऱ्हाडी उतरते.) मग मी जानेवारीत त्या रेकॉर्ड कंपनीला इंग्रजीत तीन पानं लिहिली. एवढ्या पवित्र जागी एक असंस्कृत आवाज राहून गेला आहे, रसिकांचा रसभंग होतो, कृपया काढून टाकावा. खाली सही केली, 'एक संगीतप्रेमी, अमरावती'.

कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानले, असे जाणकार श्रोते दुर्मीळ असतात म्हणाले. जुन्या सीडी संपल्या आहेत, मे महिन्यात नवी आवृत्ती निघेल, त्यात तो आवाज यंत्रानं पुसलेला असेल आणि इंटरनेटवरही तीच राहील. मी पेढे आणले. तुझ्या मावशीनं विचारलं कशाचे, तर म्हटलं चतुर्थीचे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तो भाग फोनवर मोठ्यानं लावून बसलो होतो. मे महिन्यात जाणाऱ्या त्या खोकल्याला निरोप द्यावा, एवढाच हेतू. तुझी मावशी आत कुरड्यांचा चीक घोटत होती. तिनं ही रेकॉर्ड कधीच ऐकलेली नव्हती, तुझी आई गेल्यापासून ती रविवारी अकोल्याला येत नाही, तो स्वयंपाकाचा ओटा पाहवत नाही म्हणते. खोकला झाला आणि ती लाटण्यासकट बाहेर आली.

"हे तं आपली ताई व्हय," ती म्हणाली. "पुन्हा लाव बरं."

मी पुन्हा लावलं. अकरा वेळा लावलं. तुला ठाऊकच असेल, कारण तू तिथे शेजारी बसलेली होतीस: तुझ्या आईला शांततेचा धसका होता. कोणाच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की तिला नेमका खोकला यायचा, दोनदा खोकून तिसऱ्याला ती पदर तोंडात धरायची. हे मीही चाळीस लग्नांत पाहिलं आहे. तुझी मावशी मला म्हणाली, "बत्तीस वर्षं मानसायचे आवाज आयकले ना तुमी? तुमाले नाही समजलं?" आणि ती खाली बसून रडली. आत चीक बुडाला लागला. तिच्या हातून चीक लागल्याचं मी लग्नापासून पहिल्यांदा पाहिलं.

मग मला रुमाल आठवला. सगळा हॉल वळून तुझ्या आईकडे पाहणार, म्हणून देवरावजींनी आपला रुमाल काढून आपल्या तोंडावर धरला. त्यांनी तो खोकला तेव्हाच आपल्या नावावर करून घेतला होता, आणि ती गेल्यावरही तसाच ठेवला. खरं सांगितलं असतं तर दर रविवारी दहा माणसांनी चहा पिता पिता हळहळ केली असती, आणि त्यांना ती सोसली नसती. म्हणून ते डोळे मिटून बोट वर करतात आणि लोक हसतात. मी हे त्यांना बोललेलो नाही. परवा रविवारी गेलो, सतरंजीवर बसलो, त्यांनी बोट वर केलं, आणि सगळ्यात मोठ्यानं "वा" मी म्हणालो. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

असो. बाकी सर्व ठीक. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझा,
गोवर्धन मावसाजी

ता. क. पत्रास कारण नाही असं वर लिहिलं आहे ते खोडून वाच. तू आजच त्या कंपनीला त्यांच्या भाषेत फोन कर आणि तो खोकला पुसू नका म्हणून सांग. तू एकच सीडी घेतली होतीस आणि ती माझ्या खुर्चीखाली गेली, म्हणजे आता जे काही आहे ते त्या कंपनीच्याच हातात आहे. अमरावतीचा तो संगीतप्रेमी बहिरा आहे म्हण, वेडा आहे म्हण, मेला म्हणालीस तरी चालेल. प्रार्थना तशीही मेलेल्यांसाठीच आहे.

ता. क. २. यातलं अक्षरही तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस. आणि मी त्यांच्यावर जळत नाही असं जे लिहिलं, तेही खोडून वाच. पूर्वी उगाच जळत होतो, आता कारणानं जळतो. ती बाई बारीक सूर सोडते, साठ वाजवणारे हात थांबवून बसतात, ऐंशी माणसं श्वास रोखून उभी असतात, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध त्यांची बायको दोनदा खोकते. माझ्याकडे माझ्या बायकोचा एक शब्द कुठे उतरवलेला नाही.

ता. क. ३. काल मी फोन रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर डब्याआड ठेवला. तुझी मावशी एरवी स्वयंपाक करताना गुणगुणते, भाजीवाल्याला नावं ठेवते, मला तर ठेवतेच. काल पाऊण तास गप्प. शेवटी एकच वाक्य म्हणाली, "फोन काहून ठेवला इथं?" तेवढंच आलं आहे, पण स्वच्छ आलं आहे, मी सकाळपासून सात वेळा ऐकलं. फक्त 'काहून'च्या नेमक्या वर मागून कोणीतरी मोठ्यानं खोकतं. तो मी. कंपनीला फोन करशीलच, तेव्हा एवढं विचारून ठेव, तो यंत्रानं पुसून मिळतो का.