दिव्याचा लळा

१० नोव्हेंबर, सोमवार

नीतूनं आज पुन्हा माझ्या दिव्याला मांडीवर बसवून भात भरवला. आठ वर्षांची घोडी झाली पोरगी! माझी ही धाकटी जाऊ छत्तीसगडातल्या डोंगरगढहून लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली, पण माझं डोकं अजून रोज फिरतं. येता-जाता गळ्यात पडायचं, पापे घ्यायचे. माझ्याही गळ्यात पडते. "दीदी, आज कितने सुंदर लग रहे हो." अंगणवाडीतून आलेली मी, साडी घामानं भिजलेली. सुंदर म्हणे.

नाटकी बाई.

११ नोव्हेंबर

सासूबाई म्हणाल्या, "दुर्गा, काऊन अशी लाकडावानी हायेस तू? पोरीले जवळ घेत जाय कधी."

पोरीच्या डोक्यातल्या उवा कोण काढतं? शाळेचा ड्रेस कोण धुतं? ताप आला की सडक अर्जुनीच्या दवाखान्यात सायकलवर कोण नेतं? ते कोणाला दिसत नाही. माझ्या मायनं मला कधी पोटाशी धरलं नाही. वेणी मात्र अशी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. तिचा माझ्यावर जीव नाही असं मला कधी वाटलं नाही.

खोटं कशाला लिहू. वाटलं होतं.

१३ नोव्हेंबर

धानाची कापणी सुरू. कोणाला बोलायला सवड नाही. बरं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिव्या सायकलवरून पडली. ढोपर फुटलं. मी दारातच उभी होते. हात पुढे केला की नाही, आठवत नाही. ती रडत माझ्या बाजूनं निघून गेली, थेट आत, नीतूकडे. नीतूनं तिला उराशी धरलं, स्वतःच्या पदरानं रक्त पुसलं, आणि दोघी रडत बसल्या.

माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पोरीले हात लावाचा नाही. एवढी हौस असंल तं स्वतःचं पैदा कर."

नीतूची दोन बाळं पोटातच गेली आहेत. दुसऱ्या वेळी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी मीच बसले होते. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले.

तिनं दिव्याला हळूच खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली.

१६ नोव्हेंबर

सकाळी नीतू माहेरी गेली. तिचा नवरा, गुड्डू, गाडीवर बसवून घेऊन गेला. मी झाडत होते. जाताना ती माझ्या पाया पडली. गळ्यात नाही पडली.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बोलाचं होतं तं दुसरं काही बोलाचं. तेच काऊन?"

माझ्या नवऱ्यानं, खेमराजनं, जेवताना माझ्याकडे पाहिलंही नाही.  राहू दे. मी काय कोणाला घाबरते?

१९ नोव्हेंबर

दिव्या जेवते, शाळेत जाते, पाढे म्हणते. विचारलं तेवढंच सांगते. वेणी घालताना दुखलं तरी ओरडत नाही. पूर्वी घर डोक्यावर घ्यायची.

नीतूवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ती घरातून गेली तरी घरातच आहे.

२० नोव्हेंबर

फोन हातात घेतला. नीतूचा नंबर काढला. ठेवून दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत होते. दिव्या आली, सूप बाजूला सारलं आणि माझ्या मांडीत बसली. माझे दोन्ही हात तसेच हवेत.

"असे नाही, मम्मी. हा हात इथं ठेव. हा पाठीवर. आता दाब. जोरानं नाही."

"कोणं सांगलं तुले हे?"

"काकीनं. जाताना म्हणे, तुझ्या मम्मीले कोणीच शिकवलं नाही, तू शिकवजो."

मला राग आला. खूप आला. हात काढले नाहीत.